पाच काळ्या पट्ट्यांपासून पेटी

पेटी, म्हणजे हार्मोनियम, समोर घ्या. घरात मुलांचा कॅसिओ असेल तर तोही चालेल. आता फक्त काळ्या पट्ट्यांकडे बघा. त्या सलग नाहीत. दोन काळ्या, मग थोडी मोकळी जागा, मग तीन काळ्या, पुन्हा मोकळी जागा, पुन्हा दोन, असं शेवटपर्यंत चालतं. दोघींच्या जोडीतली डावीकडची ती काळी एक आणि तिच्या शेजारची काळी दोन. तिघींच्या गटात डावीकडून काळी तीन, काळी चार, काळी पाच. आज एवढ्याच पाच. पांढरीला बोट लावायचं नाही.

पेटीच्या साधारण मध्यावरची काळी तीन शोधा. तिला सा म्हणा. मग काळी चार हा रे आणि काळी पाच हा ग. तिथून मोकळी जागा ओलांडून उजवीकडे गेलं की पुढच्या जोडीतली काळी एक हा प, काळी दोन हा ध, आणि त्यापुढची काळी तीन हा वरचा सा. सा रे ग प ध सां. हे भूप रागाचे स्वर झाले. या पाचांत म आणि नी नाहीत. त्यामुळे शेजारशेजारचे दोन स्वर एकमेकांना खेटत नाहीत आणि नवशिक्याचं बोट चुकलं तरी कानाला टोचत नाही. म्हणूनच मी सगळ्यांना इथूनच सुरू करायला लावते.

आता गाणं. 'विठ्ठल विठ्ठल जय हरी विठ्ठल' हा नामघोष महाराष्ट्रात कुणाला शिकवावा लागत नाही. त्याच्या चाली गावोगाव वेगळ्या आहेत. खाली देतेय ती मी शाळेतल्या मुलांसाठी बांधलेली, अगदी साधी.

विठ् – ठल – विठ् – ठल – जय – हरी – विठ् – ठल
सा – रे – ग – ग – प – ग – रे – सा

ही पहिली ओळ. दुसऱ्या ओळीला 'ग ग प प ध प ग ग', तिसरीला 'सां सां ध प ग प ग ग', आणि चौथीला पुन्हा पहिलीच. तर्जनी काळी तीनवर, मधलं बोट चारवर, अनामिका पाचवर. प वाजवायचा तेव्हा हात हलका उचलून तर्जनी काळी एकवर न्यायची, म्हणजे मधलं बोट आपोआप ध वर येतं. अंगठा काळ्या पट्टीवर नको. तो मनगट खाली ओढतो.

प्रत्येक शब्दाचा तुकडा म्हणजे एक मात्रा, एका ओळीत आठ. पहिल्या मात्रेवर टाळी द्या आणि पाचवीवर, म्हणजे 'जय'वर, हात नुसता बाजूला न्या. आठ मात्रांच्या केरवा तालात असंच असतं: पहिल्या मात्रेवर सम, म्हणजे तालाची सुरुवात, आणि पाचवीवर खाली, म्हणजे टाळी न देता सोडलेली मात्रा. आधी पेटी न वाजवता टाळी देत चार वेळा म्हणा, मगच बोटं लावा. हा क्रम उलटा केलेले विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले. त्यांचे सूर बरोबर येतात, पण गाणं दर दोन शब्दांनी थांबतं, कारण बोट शोधण्यात मात्रा निसटते. सूर चुकला तर पुढे जा. मात्रा सोडू नका.

भात्याबद्दल थोडं इथेच सांगते. आधी समोरच्या खुंट्यांपैकी एक-दोन बाहेर ओढा. खुंटी न उघडता भाता दाबत राहिलात तर आवाज येणार नाही आणि भात्यावर उगाच ताण येईल. डाव्या हाताने भाता सावकाश, एका संथ लयीत हलवा. प्रत्येक स्वराला एक धक्का द्यायचा नाही. तसं केलं की प्रत्येक शब्द खोकल्यासारखा बाहेर येतो. एकच सा धरा आणि दहा सेकंद तो ना फुगता ना खचता टिकतो का बघा. तीन-चार दिवस रोज पाच मिनिटं एवढंच करायची तयारी ठेवा.

मी स्वतः यातलं काहीच नीट शिकले नव्हते. १९९६ साली पाटण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत माझी नेमणूक झाली. कपाटात पेटी होती आणि ती वाजवणारं शाळेत कुणी नव्हतं. परिपाठाला मुलं प्रार्थना म्हणायची ती रोज वेगळ्या सुरात. मी एक नोटेशनचं पुस्तक आणलं, प्रत्येक पट्टीवर खडूने सा रे ग म लिहिलं आणि वर्षभर रेटलं. पुस्तकात पांढरी एक म्हणजे सा, म्हणून मीही पांढरी एकच सा धरून बसले. मुलांचा आवाज त्या पट्टीत बसेना. चढ्या पट्टीत गाऊ लागली की माझी बोटं थांबायची, कारण मला ठाऊक होतं ते फक्त पुस्तकातल्या पट्ट्यांचं गाणं. त्या गाण्यातलं अंतर मला माहीत नव्हतं.

गावातल्या हरिनाम सप्ताहात एक शेतकरी आबा पेटी वाजवायचे. त्यांना नोटेशन वाचता येत नव्हतं. त्यांनी माझी खडूने रंगवलेली पेटी पाहिली, ओल्या फडक्याने ती अक्षरं पुसली आणि म्हणाले, "बाई, पट्टीची नावं कशाला पाठ करताय? सा कुठं धरला त्ये बघा. तिथनं किती घरं पुढं जायचं, एवढंच ध्यानात ठेवा." माझं सगळं शिकणं या वाक्यापासून सुरू झालं, आणि तुम्हालाही मला हेच द्यायचं आहे.

घर म्हणजे लगतची पुढची पट्टी, काळी असो वा पांढरी, मध्ये कुणालाही न वगळता. सा ची पट्टी मोजायची नाही, तिच्या पुढची ती पहिलं घर. दुसऱ्या घरात रे, चौथ्यात ग, पाचव्यात म, सातव्यात प, नवव्यात ध, अकराव्यात नी आणि बाराव्यात वरचा सा. उरलेल्या घरांत विकृत स्वर राहतात: पहिल्यात कोमल रे, तिसऱ्यात कोमल ग, सहाव्यात तीव्र म, आठव्यात कोमल ध, दहाव्यात कोमल नी. सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र, असे बारा. पेटीचं सगळं शास्त्र या बारा घरांत आहे. दोन, चार, पाच, सात, नऊ, अकरा, बारा एवढे आकडे पाढ्यासारखे पाठ करा. मी पाठांतराची बाजू सहसा घेत नाही, पण हे आकडे मात्र तोंडावर असलेच पाहिजेत.

ही घरं सगळीकडे सारखी का चालतात? सा पासून बारावं घर म्हणजे दुप्पट कंपनं, म्हणून तो कानाला सा च वाटतो. सातव्या घरातला प जवळजवळ दीडपट कंपनांचा, म्हणून तो सा शी इतका जुळून येतो. पेटीतली बाराही घरं सारख्या प्रमाणात वाढत जातात, म्हणून कुठल्याही पट्टीवर सा धरला तरी गाणं तेच राहतं. याची किंमतही मोजावी लागते. पेटीतला ग नीट मिळवलेल्या तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, आणि पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवलं त्यामागे हीच कारणं सांगितली जात. शास्त्रीय गाणाऱ्याला ते आक्षेप महत्त्वाचे आहेत. पण पहिलं गाणं वाजवू पाहणाऱ्याला तयार, पक्का स्वर बोटाखाली मिळतो हा मोठा आधार आहे.

आता नामघोष काळी एकवर आणू. पांढऱ्यांचेही आकडे असतात: काळी एकच्या लगेच डावीकडची ती पांढरी एक, तिथून उजवीकडे सातपर्यंत. काळी एकवर सा धरून घरं मोजा. दुसरं घर काळी दोन, तो रे. चौथं घर पांढरी चार, काळी तीनच्या अगदी डावीकडची, तो ग. पाचवं काळी तीन, म. सातवं काळी चार, प. नववं काळी पाच, ध. अकरावं पुढची पांढरी एक, नी. म्हणजे सा रे म प ध काळ्यांवर आणि ग, नी पांढऱ्यांवर. पहिली ओळ अशी होते: काळी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी चार, काळी चार, पांढरी चार, काळी दोन, काळी एक. डोळ्यांना वेगळं, कानाला तेच. भजनात पुरुषमंडळी बरेचदा काळी एक-दोनमध्ये गातात, म्हणून ही पट्टी हाताखाली असली की कुणालाही साथ करता येते. (लोक 'कुठल्या पट्टीत गाता?' असं विचारतात ते याच अर्थाने, सा कुठे धरता ते.)

कॅसिओवर ट्रान्सपोजचं बटण असतं. ते दाबलं की बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवूनही सूर वर-खाली होतो. पहिले सहा महिने कृपा करून त्याला हात लावू नका. तीन पट्ट्यांतून तेच गाणं बोटांनी शोधून काढलं की घरं अंगात भिनतात. बटणाने ती संधीच हातची जाते.

पुढचा प्रश्न बहुतेकांना अडवतो. गाणं माहीत आहे, नोटेशन नाही. सा कुठला? नवशिका गाण्याचा पहिला सूर हाच सा धरून चालतो. पुष्कळदा ते चुकतं. गाणं जिथे येऊन विसावतं, जिथे 'झालं' असं वाटतं, तो सा, निदान साध्या गाण्यांत तरी. वाढदिवसाला आपण सगळेच म्हणतो ते 'हॅपी बर्थडे' घ्या. ते गुणगुणा आणि ओळीओळीला थांबा. पहिल्या ओळीअखेर थांबलात तर अधांतरी वाटतं. दुसरीच्या शेवटी जरा टेकल्यासारखं होतं. शेवटच्या ओळीचा शेवटचा सूर पूर्ण विसावतो. तो सा. मग कळतं की गाणं मुळात सा वर सुरूच होत नाही, ते खालच्या सप्तकातल्या प वर सुरू होतं.

खालचा प, खालचा प, खालचा ध, खालचा प, सा, खालचा नी
खालचा प, खालचा प, खालचा ध, खालचा प, रे, सा
खालचा प, खालचा प, मधला प, ग, सा, खालचा नी, खालचा ध
म, म, ग, सा, रे, सा

काळी एकवर सा धरून हे वाजवा. खालचा प म्हणजे सा च्या डावीकडची काळी चार, खालचा ध म्हणजे काळी पाच, खालचा नी म्हणजे सा ला चिकटलेली पांढरी एक. तिसऱ्या ओळीत खालच्या प वरून मधल्या प वर एकदम बारा घरांची उडी आहे. तिथे बोट नव्हे, अख्खा हात उचलून न्यायचा. मुलांची बोटं तिथे हमखास एक घर आधीच पडतात, म्हणून ती उडी तेवढीच सुटी काढून वीसेक वेळा मारून घेते.

तालातही इथे एक गंमत आहे. हे गाणं दादऱ्यात, सहा मात्रांत बसतं, पण सम 'हॅपी'वर येत नाही. ती 'बर्थ'वर येते. 'हॅपी' सहाव्या मात्रेत, समेच्या आधी उचललेलं. बर्थ एक, डे दोन, टू तीन, यू चार आणि पाच, मग पुन्हा सहाव्यात हॅपी. टाळी 'बर्थ'वर देऊन पाहा, गाणं एकदम जागेवर बसतं. 'हॅपी'वर दिलीत तर शेवटपर्यंत ओढाताण होते. पुष्कळ गाणी समेच्या आधीच उचललेली असतात. ही एक गोष्ट ओळखता आली की तबलेवाल्याबरोबर बसायची भीती निम्मी जाते.

कोमल स्वरांची ओळख करून घ्यायला मला एकच प्रयोग पुरेसा वाटतो. पुन्हा काळी तीनवर सा धरा आणि विठ्ठलाचा नामघोष घ्या. फक्त ग बदला: काळी पाचऐवजी काळी चार आणि पाचच्या मधली पांढरी सहा, म्हणजे तिसरं घर, कोमल ग. बाकी सगळं तसंच. एका घराचा फरक, पण सकाळच्या काकडआरतीसारखा वाटणारा घोष एकदम व्याकूळ होतो. हे शिवरंजनी रागाचे स्वर झाले. चौथीच्या वर्गात हे पहिल्यांदा वाजवून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, विठोबा रागावला का?" शुद्ध आणि कोमल यांचा फरक तिला त्या दिवशी कायमचा कळला. व्याख्या मी नंतर सांगितली.

हे सगळं हाताला बसलं की पुन्हा त्या पाच काळ्या पट्ट्यांकडे या. मला सगळ्यांत आवडतो तो भाग इथे आहे. पट्ट्या त्याच पाच ठेवायच्या, फक्त सा ची जागा हलवायची. काळी तीनवर सा धरला तर भूप. तोच सा काळी चारवर नेला तर सा रे म प आणि कोमल नी, मेघ किंवा मधमाद सारंगाचे स्वर. काळी पाचवर नेला तर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, म्हणजे मालकंस. काळी एकवर सा रे म प ध, दुर्गा. काळी दोनवर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, धानी. पाच पट्ट्या, पाच वेगळी घराणी म्हणा ना. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. घरं मोजून प्रत्येक स्वर स्वतः पडताळून बघा. माझ्या सांगण्यावर विसंबू नका, आकडे हातात आहेत.

एक अट मात्र आहे. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावा आणि तंबोरा नव्या सा वर मिळवा. मालकंसासाठी काळी पाचवर, आणि त्यात पंचम नाही म्हणून तंबोऱ्याची पहिली तार प ऐवजी म वर. तंबोरा नसेल तर कान जुन्याच सा ला चिकटून राहतो आणि मालकंस वाजवताना भूपच ऐकू येतो. सा सतत कानात पाहिजे हे आबा का सांगायचे ते इथे उघड होतं. आणि हेही लक्षात असू द्या की स्वर मिळाले म्हणजे राग मिळाला असं नाही. भूप आणि देशकार यांचे स्वर अगदी एकच. पण भूपात वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, ग आणि देशकारात ध, म्हणून चाल, ठहराव, रंग सगळं वेगळं. ते शिकायला गुरू लागतो. आपण सध्या स्वरांच्या ओळखीपुरतेच इथे आहोत.

सरावाला रोज वीस मिनिटं द्या, रविवारी दोन तास नकोत. माझी वाटणी अशी: पाच मिनिटं भाता आणि एकच स्वर, पाच मिनिटं घरं मोजत सा रे ग म, रोज वेगळ्या पट्टीवरून, आणि दहा मिनिटं एकच गाणं. गाणं निवडताना त्यातला सगळ्यांत खालचा आणि सगळ्यांत वरचा सूर आधी गुणगुणून बघा. वर घसा ताणला जात असेल तर सा एक-दोन घरं खाली आणा, खाली आवाज विरत असेल तर वर न्या. एवढं मला नेमणुकीच्या पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर त्या मुलांना वर्षभर चुकीच्या पट्टीत गावं लागलं नसतं.

नामघोष आणि वाढदिवसाचं गाणं दोन पट्ट्यांतून न थांबता येऊ लागलं की आपल्या घरातली आरती घ्या, आजी म्हणते त्याच चालीत. छापील नोटेशन शोधू नका. शेवटचा सूर शोधा, त्यावर सा धरा आणि ओळीतला एकेक शब्द घरं मोजत उतरवा. पहिल्या ओळीला एक संध्याकाळ लागेल, दुसरीला अर्धी. म्हणणाऱ्यालाच शेजारी बसवा, एकच ओळ चार-पाच वेळा म्हणायला सांगा आणि प्रत्येक वेळी एकच स्वर पक्का करा.

वाजवून झालं की खुंट्या आत ढकला, भाता बंद करून कडी लावा. पाटणच्या पावसात पेटी भिंतीला टेकून ठेवली की ओल धरते आणि आतल्या, आवाज काढणाऱ्या पितळी पत्त्या अडकू लागतात. म्हणून मी ती लाकडी स्टुलावर, सुती चादरीखाली ठेवते, आणि जून ते सप्टेंबर एकही दिवस न वाजवता जाऊ देत नाही.